मदत हवी आहे : ड्रम दर आठवड्याला घासायचा, पण सासूबाईंना पाणी ओतलेलं बघवत नाही

नमस्कार. आम्ही घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहतो. आमच्या गल्लीत पंधरा दिवसांत चार घरांत डेंग्यू निघाला. समोरचा बारावीतला मुलगा अजून अ‍ॅडमिट आहे.

परवा पालिकेची माणसं घरोघरी तपासायला आली होती. त्यांनी आमच्या ड्रमात टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांएवढ्या अळ्या वळवळत होत्या, उजेड पडला की सरसर खाली जात होत्या. त्याच पाण्याने मी रोज भांडी घासते. अंगावर काटा आला.

आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं, सहाला जातं. दोन हंडे आणि कळशी पिण्याची, ती रोज विसळून भरतो. मोरीबाहेर 200 लिटरचा निळा ड्रम आहे वापरायला. तो अर्धा झाला की त्यातच वरून नवीन पाणी सोडायचं, अशी सवय. त्याचा तळ शेवटचा कधी पाहिला, आठवत नाही. ती माणसं म्हणाली, आठवड्यातून एक दिवस तो पूर्ण रिकामा करून कोरडा ठेवा.

मी त्याच दिवशी ड्रम आडवा केला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावून दारात जाऊन बसल्या. त्या माण तालुक्यातल्या. 1972 च्या दुष्काळात दहा वर्षांच्या होत्या, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या आणि घरी आलं की विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने घागर भरायच्या. रात्री भाकरी करताना एवढंच म्हणाल्या, "पाणी ओतलेलं बघवत नाही गं मला." काल मागच्या बाजूला पाहिलं तर पत्र्याखाली रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या काठोकाठ भरून ठेवलेल्या. माझ्यापासून लपवून.

मला त्यांच्यावर आवाज चढवायचा नाही. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, या घरात पाण्याची चिंता मला कधी करावी लागली नाही ती त्यांच्यामुळे. पण मुलगी आठ वर्षांची आहे, तिच्याकडे बघून झोप लागत नाही.

आणखी एक. आम्ही दिवेलागणीला दार लावतो, कडुलिंबाचा पाला जाळतो. आता कळलं की हा पांढऱ्या पट्ट्यांचा मच्छर दिवसा चावतो, सकाळी उन्हं वर येताना आणि सूर्य मावळायच्या आधी. म्हणजे इतकी वर्षं आम्ही दार चुकीच्या वेळी लावत होतो का? एका खोलीत दिवसभर दार बंद ठेवून स्वयंपाक कसा करायचा? ज्यांच्या घरी असंच वेळेचं पाणी आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी वस्तीत आरोग्य सेविकेचं काम करते. आधी मनावरचं ओझं उतरवा : पाणी फेकायची गरजच नाही. शनिवारी पहाटे ड्रम भरू नका, फक्त हंडे आणि कळशी भरा. दिवसभर ड्रमातलंच पाणी कपड्यांना, लादीला, संडासला वापरून खाली आणा. अळ्या दिसल्या तर दुहेरी सुती फडक्यातून गाळून घ्या आणि फडकं उन्हात झटका. कोरड्यात अळी जगत नाही. रविवारी पहाटे नळ यायच्या आधी तळाशी दोनचार तांबे उरतील, तेवढ्यात ड्रम घासून पुसून घ्या आणि मग भरा.

घासायचं मात्र टाळू नका, खरं काम तेच आहे. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. नुसतं पाणी काढलं तर ती सुकून महिनोन्महिने तशीच टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून मच्छर उडायला आठदहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब.

झाकणाला फट असेल तर जुनी सुती साडी ताणून सुतळीने बांधा, मध्ये झोळ पडून पाण्याला टेकू देऊ नका. आणि दार उघडं असलं तरी चालेल, मुलीला पूर्ण बाह्यांचं घाला, दुपारी झोपली तरी मच्छरदाणीत झोपवा.

प्रतिसाद

पाण्याचं वर आलंच आहे, मी तापाचं सांगतो, कारण आमच्या घरी गेल्या वर्षी चूक झाली. वडिलांचा ताप चौथ्या दिवशी उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो. त्याच रात्री पोटात कळा, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त. डॉक्टर म्हणाले, ताप उतरल्यानंतरचे एकदोन दिवसच जास्त जपायचे असतात. त्यामुळे कुणाला ताप आला तर लगेच रक्त तपासा आणि पॅरासिटामॉलशिवाय दुसरी अंगदुखीची गोळी, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन, मनाने देऊ नका, रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना लांबवू नका. आजारी माणसालाही दिवसा मच्छरदाणीत ठेवा, त्याला चावलेला मच्छरच पुढे घरातल्या दुसऱ्याला आजार देतो.

धागा काढणारी

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी सासूबाईंना सांगितलं, "आई, एक थेंब फेकायचा नाही, सगळं वापरून संपवायचं." त्यांनी स्वतःच हिशेब लावला : रंगाच्या बादल्यांतलं आधी गाळून गोधड्यांना, मग ड्रमातलं कपड्यांना, शेवटचं लादीला. रविवारी चारलाच उठून नारळाच्या काथ्याने आतून ड्रम घासत बसल्या होत्या, मी कंदिलासारखा मोबाईल धरून उभी. भिंतीवर काळे बारीक ठिपके होते, बोटाने निघत नव्हते. त्यांनी दोनदा घासले. वर त्यांचं जुनं लुगडं बांधलंय, गाठ त्यांचीच.

आता एकच अडचण उरली. शेजारच्या घराला कुलूप आहे, माणसं गावी गेलीत. त्यांच्या पत्र्यावरच्या निळ्या ताडपत्रीच्या घडीत पावसाचं पाणी साचलंय, आमच्या खिडकीतून दिसतं पण हात पोचत नाही. त्यांना फोन लागत नाही. न विचारता वर चढून ताडपत्री ओढली तर चालेल का, की आधी पालिकेच्या माणसांना बोलवावं?