पद्मिनीचे इंजिन नुकतेच बांधले आहे. पहिले ऑइल कोणते भरावे?

प्रश्न

नमस्कार. वडिलांच्या १९८५ च्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन पूर्ण उतरवून बांधून घेतले आहे. रिबोअर करून (सिलिंडर आतून थोडे मोठे कापून) पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग नवे घातले. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडवणारा फिरता दांडा) व त्यावर टेकणारे टॅपेटही बदलावे लागले, कारण जुन्या कॅमच्या दोन लोबांची (उंचवट्यांची) टोके इतकी झिजली होती की बोट फिरवले की कडा टोचत असे. त्याआधी दोन वर्षे एका गॅरेजमध्ये पातळ ५डब्ल्यू-३० सिंथेटिक भरले जात होते. झीज त्यामुळेच झाली असे मी ठामपणे म्हणत नाही, परंतु आता धास्ती वाटते. दुकानदार पुन्हा सिंथेटिकच सुचवतो, मिस्त्री साधे २०डब्ल्यू-५० भरा म्हणतात. कोणाचे ऐकावे?

प्रतिसाद १

मिस्त्रींचे ऐकावे. या इंजिनात टॅपेटचा सपाट तळ कॅमच्या लोबावर घासत फिरतो आणि तेवढ्याशा जागेवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा दाब येतो. तेथे धातूला वाचवतो तो ऑइलमधील झिंक-फॉस्फरसचा घटक. उष्णता आणि दाब यांमुळे तो पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर धरतो. फॉस्फरसमुळे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत जातो, म्हणून नव्या गाड्यांच्या ऑइलमधून तो कमी करण्यात आला. आपल्याकडे चार महानगरांत कन्व्हर्टर १९९५ मध्ये सक्तीचा झाला. आपल्या गाडीला तो नाहीच, तेव्हा ही काटकसर तिच्या कामाची नाही. शिवाय रिंगा होनिंग केलेल्या (आतून बारीक घासलेल्या) सिलिंडरमध्ये नीट बसेपर्यंत साधे मिनरल ऑइलच ठेवावे.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. डब्यावर 'एसएन' किंवा 'एसपी' ही नव्या ऑइलच्या दर्जाची खूण दिसली की झिंक नाही, असा समज पसरला आहे, तो बरोबर नाही. फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा १०डब्ल्यू-३० पर्यंतच्या पातळ ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. तरीही खात्री हवी असेल तर जासो एमए या जपानी मानकाचे मोटरसायकलचे २०डब्ल्यू-५० मिनरल घ्यावे, कारण त्या मानकातच फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावा अशी अट आहे. वरून झिंकची वेगळी बाटली ओतू नये. प्रमाणाबाहेर गेल्यास तेही अपायकारक ठरते.

प्रतिसाद ३

ऑइलइतकीच महत्त्वाची आहेत ती पहिली वीस मिनिटे, आणि नवा कॅम बहुधा तेथेच खराब होतो. लोब व टॅपेटच्या तळांना बांधणीच्या वेळी असेंब्ली ल्यूब (जुळणीच्या वेळी लावायचे घट्ट वंगण) लावले होते का, हे मिस्त्रींना आवर्जून विचारा. रेडिएटरमध्ये पाणी, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणि टायमिंग आधीच जुळवून ठेवा, म्हणजे सेल्फ मारत बसावे लागणार नाही. इंजिन सुरू होताच ऑइल प्रेशरचा दिवा विझला की आयडलवर न सोडता १५०० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान वीस मिनिटे कमीजास्त करत चालवावे. आयडलवर कॅमला उडून येणारे ऑइल अपुरे पडते. त्यानंतर लगेच ऑइल आणि फिल्टर बदलावेत, आणि पुन्हा ५०० किलोमीटरला. पहिले ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळून पाहा: राखाडी चमक असणे स्वाभाविक आहे, पण चिमटीत चोळल्यावर टोचणारे कण किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर गाडी तेथेच थांबवा.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मिस्त्रींना फोन केला. टॅपेटना ल्यूब लावले होते, परंतु त्याला चार महिने होऊन गेले. तेव्हा आता चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) उतरवून, टॅपेट काढून ते पुन्हा लावून घेणार आहोत. मोटरसायकलचे २०डब्ल्यू-५० दोन वेळा पुरेल इतके आणले आहे. रविवारी इंजिन सुरू करू आणि फडक्यात काय दिसले ते येथेच कळवीन.