मदत हवी आहे: १९७२ची अँबेसेडर, अनलेडेड पेट्रोल आणि कमी होत जाणारा टॅपेट गॅप

नमस्कार मंडळी,

वडिलांनी घेतलेली अँबेसेडर मार्क २ अजून आमच्याकडे चालती आहे. इंजिन मूळचंच, १४८९ सीसी, बीएमसीचं बी-सिरीज. ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचं. व्हॉल्व्हच्या सीटा (बंद झाल्यावर व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा) वेगळ्या बसवलेल्या नाहीत, हेडच्या बिडातच कापलेल्या आहेत. माझी काळजी तिथेच आहे.

साताऱ्यात गावातल्या गावात फिरताना काही तक्रार नाही. पुण्याची फेरी झाली, हायवेला ७०-८०च्या वेगाने बराच वेळ पळाली, परतताना खंबाटकी चढली, की दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर फिलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावून बघतो. पुढून मोजलं तर चौथा आणि पाचवा व्हॉल्व्ह, म्हणजे मधले दोन एक्झॉस्ट. टॅपेट गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली फट, ठेवलेला असतो १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), भरतो ११-१२. कडेच्या दोन एक्झॉस्टना किंचित फरक, इनलेट जसेच्या तसे. टॅपेट बेरीज नऊच्या पद्धतीनेच लावतो (चौथा पूर्ण दाबलेला असताना पाचवा, पहिला दाबलेला असताना आठवा), त्यामुळे लावण्यात फरक पडत नसावा. इंजिनचा आवाज उलट कमी होतोय. ऐकणारा म्हणतो, "काय मस्त गप चालतेय!" पण गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसणार नाही आणि जळेल, हे मला दिसतंय.

मला कळलेलं कारण असं: जुन्या पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर सीटवर बसायचा. तो नसला की तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला सूक्ष्म ठिकाणी चिकटतो, उघडताना बिडाचे कण ओढून नेतो आणि सीट खाली खाली जाते. पण अनलेडेड, म्हणजे बिनशिशाचं पेट्रोल, आपल्याकडे महानगरांत १९९५ला आलं आणि शिसेयुक्त पेट्रोल देशभर २०००मध्ये बंद झालं. एवढी वर्षं गाडीला काही झालं नाही, मग आत्ताच का?

मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या. मागच्या ओव्हरहॉलला सीटा कटरने नव्याने कापल्या. आणि आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. ते सुरू झाल्यापासून गाडी चढाला अडखळते, प्लग पांढरट निघतात, पेट्रोलचा रबरी पाइप बोटाला चिकट लागतो.

एक मेकॅनिक म्हणतात, शिशाऐवजी टाकतात ते ॲडिटिव्ह दर टाकीला घाला. दुसरे म्हणतात, हेड उतरवा आणि कडक सीटा बसवा. हे हेड परत मिळणारं नाही, म्हणून ज्यांनी स्वतः काम करून घेतलंय त्यांचं ऐकायचं आहे. विकायचा सल्ला कृपया नको.

– सातारकर७२

प्रतिसाद: लेथवाला

सातारकर, गप्प होत जाणारं टॅपेट हे सीट खाली जाण्याचंच लक्षण आहे. सैल रॉकर किंवा झिजलेला कॅम असता तर गॅप वाढला असता.

मधलेच दोन का, तर बी-सिरीजमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून बाहेर पडतो. दोन तापलेले व्हॉल्व्ह शेजारी-शेजारी, त्यामुळे हेडचा तो भाग सगळ्यात गरम.

"आत्ताच का" याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. जुन्या सीटांवर शिशाचा मुरलेला थर होता आणि गावातल्या हळू चालण्यात तो टिकला. कटरने तो गेला, खाली कोरं बीड उघडं पडलं, आणि त्यावर हायवेचा लोड आला. ही झीज आरपीएम आणि लोडला होते. नुसतं गावात फिरवाल तर आहे तशीही बरीच वर्षं जाईल.

हेड करायचंच असेल तर फक्त चार एक्झॉस्ट सीटा करा, इनलेटला हात लावू नका. खोबण कापताना कटर खोल गेला तर पाण्याच्या जॅकेटमध्ये शिरतो आणि हेड कायमचं जातं. म्हणून आधी हेडची प्रेशर टेस्ट, मग मशीनवर माप, मग कटिंग. हँडड्रिलवर करून देतो म्हणणाऱ्याकडे अजिबात देऊ नका. गाइडही (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती) बघा, व्हॉल्व्ह गाइडमध्ये हलत असेल तर नवी सीट वाकडी झिजेल.

प्रीमियर पद्मिनी गाडीवाले हे वाचून घाबरतात म्हणून सांगतो: त्या इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यात सीटा मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात.

प्रतिसाद: घाटमाथा

लेथवाला काकांशी सहमत, पण हेड उतरवण्याआधी मिश्रण बघा. पांढरट प्लग म्हणजे इंजिन लीन चालतंय, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्याला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, आणि तुमचा कार्बोरेटर शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने लावलेला आहे. लीन चाललं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणखी तापतो. म्हणजे इथेनॉल आणि सीट हे तुमचे दोन वेगळे आजार नाहीत, एक दुसऱ्याला वाढवतोय.

एसयू कार्बोरेटर असेल तर जेटचं नट एक फ्लॅट (षटकोनी नटाची एक बाजू) खाली घ्या, घाट चढवा, प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी रंग आला की थांबा. टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तपासा. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम डायफ्रॅम फाटलेला असेल तर ॲडव्हान्स मिळत नाही (ठिणगी लवकर पडत नाही), जाळ उशिरा होतो आणि सगळी उष्णता एक्झॉस्टला जाते. तोंडाने ओढून बघा, दाब टिकला पाहिजे.

चिकट पाइप आजच बदला. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जातो, तिथे गळती म्हणजे आग. इथेनॉल चालणारा व्हिटॉन पाइप मागा, साधा रबरी नको. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅमही त्याच मालाचा घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते.

ॲडिटिव्ह हायवेच्या फेरीपुरतं घालायला हरकत नाही. पण आधीच झिजलेली सीट त्याने भरून येत नाही.

सातारकर७२:

दोघांचेही मनापासून आभार. व्हॅक्यूम डायफ्रॅमकडे कुणीच लक्ष दिलं नव्हतं. आता ओढून पाहिलं, दाब अजिबात धरत नाही. पाइप, डायफ्रॅम आणि जेट आधी करतो, मग पुण्याची फेरी करून पुन्हा फिलर लावतो. गॅप तरीही कमी भरला तर हेड उतरवणार. काका, कोल्हापूरच्या उद्यमनगरात बिडाच्या हेडला सीटा बसवणारं आणि प्रेशर टेस्ट करून देणारं वर्कशॉप तुमच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आणि जुने व्हॉल्व्ह चालतील, की नव्या सीटांबरोबर एक्झॉस्ट व्हॉल्व्हही नवेच घ्यावेत?