प्लॅटिनमचे द्विधातू नॅनोकण, रत्नागिरीत आणि कमी पैशांत: सल्ला हवा

मांडवीची_पोर: एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. प्लॅटिनम-निकेलचे नॅनोकण करायचं मनात आहे. बजेट सगळं मिळून पंधरा हजार, त्यातले बरेचसे प्लॅटिनमच्या क्षारातच जातील. स्टरर, सेंट्रिफ्यूज आणि यूव्ही-व्हिज (द्रावण कोणता प्रकाश किती शोषतं ते मोजायचं यंत्र) कॉलेजात आहे. नायट्रोजन नाही. कोणती पद्धत धरू?

चिपळूणकर_सर: निकेलच घ्या. तीनास एक प्रमाणातल्या प्लॅटिनम-निकेल स्फटिकाचा (111) पृष्ठभाग, म्हणजे अणूंच्या ठरावीक मांडणीची बाजू, ऑक्सिजनच्या क्षपणात (त्याला इलेक्ट्रॉन देण्यात) शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठभागापेक्षा दहापट सक्रिय, हे 2007 मध्ये दाखवलं गेलं. ओलेइलअमाइन या तेलकट द्रावकात करा, कण एकसारखे येतात. आमचे टीईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो पाहून परीक्षक खूश झाले होते. एक श्लेंक लाइन (हवा लागू न देता नायट्रोजनखाली काम करायची काचेची जोडणी) घेऊन टाका, जन्मभर पुरते.

मांडवीची_पोर: सर, पंधरा हजार.

दापोली_प्रयोग: कोकमाच्या अर्काने करा! मी आंब्याच्या पानांनी चांदीचे कण केलेत, काय सुंदर पिवळा रंग आला.

कातळसडा: चांदीचं वेगळं. अर्काने प्लॅटिनम धातू होऊन उतरेलही, पण निकेलचं क्षपण विभव (जितकं जास्त, तितका धातू सहज उतरतो) उणे 0.25 व्होल्ट, प्लॅटिनमच्या क्लोराइड संकुलाचं अधिक 0.7 च्या आसपास. प्लॅटिनम आधी उतरणार आणि निकेल द्रावणातच राहणार. आणि प्लॅटिनमला चांदीसारखं दृश्य प्रकाशात शोषणाचं शिखर नसतं. पिवळट द्रावण काळपट तपकिरी होतं, तेवढंच दिसतं.

दापोली_प्रयोग: मग चांदीच घाला की निकेलऐवजी.

कातळसडा: प्लॅटिनमचा क्षार म्हणजे क्लोरोप्लॅटिनिक आम्ल, त्यात क्लोराइड आहे. सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसेल.

देवगड_हापूस: सर म्हणाले तेच, निकेल. एथिलीन ग्लायकॉलमध्ये करा, ते 197 अंशांना उकळतं, तेच द्रावक आणि तेच क्षपणक. फक्त आमच्याकडे लाइट गेली की तापमान पडायचं आणि कण लहान-मोठे व्हायचे. महावितरणला किती अर्ज करायचे माणसाने?

मालवणी_माणूस: गो बाय, ता मीठ पावसात उघडा ठेव नको. क्लोरोप्लॅटिनिक आम्ल हवेतलं पाणी ओढून चिकट होतं आणि मग वजन चुकतं. बाटली फोडली की सगळ्याचं एकदम द्रावण करून ठेव. हातमोजे घाल, पूड नाकात जाऊ देऊ नको. या क्षारांनी दमा लागतो, एकदा लागला की थोडंसंही सोसत नाही.

चिपळूणकर_सर: टीईएमशिवाय प्रकल्पाला अर्थ नाही.

कातळसडा: एक्सआरडीनेही (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघण्याने) बरंच कळतं. प्लॅटिनमचं (111) शिखर 39.8 अंशांवर. लहान अणू जालकात (स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीत) शिरले की ते उजवीकडे सरकतं. दोन धातूंची वेगवेगळी शिखरं दिसली तर नुसतं मिश्रण, संमिश्र नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात विचारून बघ.

मांडवीची_पोर: सगळ्यांचे आभार, पण निकेल सोडतेय. तांबं घेते. त्याचं विभव अधिक 0.34, म्हणजे प्लॅटिनमच्या बरंच जवळ. पाण्यातच, कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पीव्हीपी हा पॉलिमर घालून, बर्फात गार केलेल्या ताज्या सोडियम बोरोहायड्राइडने. ना नायट्रोजन, ना तापवणं. प्लॅटिनमवर बोरोहायड्राइडमधून हायड्रोजन सुटतो, म्हणून चंबू उघडा ठेवीन. सक्रियता 4-नायट्रोफेनॉलवर बघते, बोरोहायड्राइडने त्याचं क्षपण होताना 400 नॅनोमीटरचं शिखर किती वेगाने उतरतं ते आमच्याच यूव्ही-व्हिजवर मोजता येईल.

चिपळूणकर_सर: तांबं हवेत ऑक्सिडाइज होतं. निकेलच घ्या.

मांडवीची_पोर: सर, क्षाराची ऑर्डर गेली.