गिट अर्काइव्हच्या टारमध्ये ६६४ कुठून येतं?

गिट अर्काइव्ह ही कमांड रिपॉझिटरीतल्या फाइलींचा एकच टार गठ्ठा बनवते. रिपॉझिटरीत फाइलच्या परवानग्या ६४४ (आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि इतरांचे), पण टारमध्ये ६६४ आणि फोल्डरच्या ७७५ का, याचं उत्तर गिटमध्येच आहे. गिट परवानग्या जवळजवळ साठवतच नाही. फाइल चालवण्याजोगी आहे की नाही, एवढंच त्याला ठाऊक असतं. टार बनवताना तो ६६६ किंवा (चालवण्याजोगी फाइल वा फोल्डर असेल तर) ७७७ घेतो आणि त्यातून टार.अमास्क वजा करतो; अमास्क म्हणजे कोणत्या परवानग्या काढायच्या ते सांगणारा आकडा. हा अमास्क मुळात ०००२ असतो, म्हणून ग्रुपला लिहायची मुभा राहते.

साधा युजर टार उघडतो तेव्हा त्याचा स्वतःचा अमास्क लागतो, त्यामुळे फरक दिसत नाही. रूटने, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य युजरने, उघडलं की जीएनयू टार परवानग्या जशाच्या तशा ठेवतो, आणि खरा त्रास तिथे होतो. डेबियन लिनक्सवर क्रॉन.डी (ठरावीक वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचं फोल्डर) मध्ये गेलेली ६६४ ची फाइल क्रॉन सरळ नाकारतो.

उपाय: गिट कॉन्फिगमध्ये टार.अमास्क ००२२ करा. किंमत 'युजर' ठेवली तर तुमच्या शेलचा अमास्क लागतो; बिल्ड सर्व्हरवर हे टाळाच, मशीनगणिक टार वेगळा निघेल. रिमोट पर्याय वापरत असाल तर पलीकडच्या रिपॉझिटरीची सेटिंग चालते, तुमची नाही. झिपवर याचा काहीच परिणाम नाही.