रीमा लागूंना तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलंत?

गोधडी
काल रात्री चॅनेल बदलता बदलता 'वास्तव' लागला, अगदी शेवटचा भाग. आई स्वतःच्या हाताने मुलाला, रघूला, गोळी घालून सोडवते तो. भाचरं ओरडली, "अगं ही तर 'हम आपके'मधली माधुरीची आई!" मला मात्र एकदम दादरचं शिवाजी मंदिर आठवलं. दळवींचं 'पुरुष'. नाना पाटेकरचा गुलाबराव आणि समोर रीमाची अंबिका. मला घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून बरोबर नेलेलं. निम्मं डोक्यावरून गेलं, पण मध्यंतर झालं तरी आमच्या रांगेतलं कोणी बटाटेवड्यासाठी उठेना, हे पक्कं लक्षात आहे. आईने माझं मनगट धरून ठेवलं होतं, सोडलंच नाही.
'सिनेमातली आई' एवढ्यावर त्यांना गुंडाळतात तेव्हा चिडचिड होते. लिहा बरं तुमचे अनुभव. नाटक, सिनेमा, मालिका, काहीही चालेल.

टिवल्याबावल्या
पहिला नंबर! कोकी!!! 'श्रीमान श्रीमती'. केशव कुलकर्णी शेजारच्या प्रेमा शालिनीच्या मागे आणि प्रेमाचा दिलरुबा कोकीच्या मागे. आमच्याकडे तेव्हा बाबा गच्चीत अँटेना फिरवायचे आणि मी खिडकीतून "आलं, आलं, गेलं" ओरडायचे. निम्मे विनोद त्या मुंग्यांतच गेले.

ठाणेकर काकू
माझी आत्या बँकेत होती. रीमा युनियन बँकेत, आत्या दुसऱ्या. तेव्हा बँकांच्या आपसात नाटकांच्या स्पर्धा व्हायच्या आणि त्या काय जोरात असायच्या म्हणून सांगू! दिवसभर लेजर, संध्याकाळी तालीम. आत्या सांगायची की युनियन बँकेचा प्रयोग असला की बाकीच्या बँकांचे लोक "झालं, बक्षीस गेलं" म्हणत चहाला जायचे. आत्याला स्वतःला त्याच स्पर्धेत मोलकरणीचं काम मिळालं होतं, वाक्य एकच, "बाईसाहेब, पाहुणे आलेत." ते ती अजून घरात कोणी आलं की म्हणते.
माहेरचं नाव नयन भडभडे. शाळा पुण्याची हुजूरपागा. आईसुद्धा रंगभूमीवरच्या, त्यामुळे घरातच होतं सगळं.

पेठेतली
हुजूरपागा!! आमची शाळा :) बस, एवढंच लिहायचं होतं. दूध उतू जातंय.

गणिती
जन्म २१ जून १९५८. आता बघा. 'मैंने प्यार किया' १९८९ चा, म्हणजे वय ३१, आणि मुलगा सलमान, साडेसात वर्षांनी लहान. 'गुमराह'त श्रीदेवीची आई, फरक पाच वर्षांचा. आणि 'वास्तव'मधला मुलगा संजय दत्त जन्मला जुलै १९५९ मध्ये. वर्षभराचं अंतर! 'साजन'मध्येही तोच मुलगा.
नायकांचं वय वाढत नाही, आयांचं मात्र तिशीतच पन्नाशीला पोचतं.

टिवल्याबावल्या
@गणिती, संजूबाबा रांगत असताना रीमाताई जेमतेम चालायला लागल्या असतील =))

निवांत
कमाल आहे, 'सविता दामोदर परांजपे' कोणीच काढलं नाही? ऐंशीच्या दशकातल्या लोकांना विचारा. साधी संसारी कुसुम, आणि तिच्या अंगात दुसरीच बाई येते. मेकअप बदलायला सवड नाही, कॅमेऱ्याचा क्लोजअप नाही. फक्त आवाज आणि मान. मी बाल्कनीत बसलो होतो, तिथपर्यंत तो आवाज उतरलेला स्पष्ट ऐकू आला. घरी जाताना मित्र म्हणाला, जिन्यातला दिवा लागेपर्यंत थांब रे जरा. चांगला सहा फुटी गडी.
त्यामुळे पुढे त्या शिफॉनच्या साड्या नेसून 'बेटा, बेटा' करताना दिसल्या की वाटायचं, हिंदीवाल्यांना हिच्यातलं पावच मिळालं. 'आक्रोश'मध्ये तमाशात नाचणारी केली होती, १९८० साली. कोणाला आठवते?

ठाणेकर काकू
@निवांत, पावसुद्धा नाही. पण 'वास्तव' त्यात धरू नका. पन्नास तोळ्यांची साखळी मिरवत मुलगा घरी येतो, तेव्हा त्या आईचा चेहरा बघा. कौतुकही आहे आणि भीतीही.

मोरपंखी
'तू तू मैं मैं'!! सासू रीमा, सून सुप्रिया, दिग्दर्शक सचिन. माझं नवीन लग्न, आम्ही सासूसुना शेजारी बसून बघायचो. सुनेने टोला मारला की मी हसायचे, सासूने मारला की त्या. दोघी एकदम हसलो असं क्वचितच. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण यूट्यूबवर तेच लावून द्यायला सांगतात.

सुनबाई नं. १
मोरपंखी, तुझ्याकडे निदान टीव्ही तरी बघायच्या. आमच्याकडे रिमोट साडीच्या ओच्यात.

उंबरा
१८ मे २०१७. आदल्या संध्याकाळपर्यंत 'नामकरण'चं शूटिंग केलं होतं आणि रात्रीत हृदयविकाराने गेल्या. ५८ फक्त. त्याच महिन्यात माझी आई गेली, तीही तशीच, अचानक. दहाव्याला जमलेल्या बायका रीमाबद्दलच बोलत होत्या. मला त्यांचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. कोणीतरी दुसऱ्या विषयावर बोलत होतं.

गोधडी
उंबरा, काय लिहू. फोन कर वाटलं तर.

मोरपंखी
उंबरा <3

कालचा पोरगा
'सविता दामोदर परांजपे' हा सिनेमा ना? सुबोध भावेचा?

निवांत
तो २०१८ चा, नाटकावरूनच केलेला. बाळा, नाटक आधी.

कालचा पोरगा
ओके काका. नाटकाचं रेकॉर्डिंग आहे का कुठे?

सुनबाई नं. १
मलाही हवंय. आणि मोरपंखी, 'तू तू मैं मैं'चे सगळे भाग आहेत का गं यूट्यूबवर? आज रिमोट माझ्याकडे आहे, सासूबाई भजनाला गेल्यात.