कापसाची ट्रॉली पांढरकवड्याहून हिंगणघाटले नेतो, काय पाहू?

राम राम भाऊ. आजवर गावातल्या जिनिंगपल्याड (सरकी काढाचा कारखाना) गेलो नाही. आता 20 क्विंटल कापूस, दोनचाकी ट्रॉली, करंजी-वडकी-वडनेर हायवेनं जाचं हाय. काल रिकामीच 30 च्या स्पीडवर नेली तं शेपटी हालवाले लागली. काऊन?

वणीवाला: आधी चाकं पाय. माह्या ट्रॉलीचं बेरिंग असंच खेळत होतं. जॅकवर उचल, चाक वर-खाली धरून हालव. खटखट वाजलं तं बेरिंग कसून ग्रीस भर. हवाही पाय, कमी हवेनं टायर तापते न डिझेल जास्त जाते.

अन् भरताना वजन आक्सच्या (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) जरासं पुढं ठेव. मागं जास्त भरलं तं ट्रॉली हूक वर उचलते, ट्रॅक्टरचे मागचे चाकं हलके होते न मग मागून झुलते. कापूस हलका दिसते, पण ढीग उंच. बाजूनं ट्रक गेला का हवेचा धक्का बसतेच. ताडपत्री कसून बांध.

वडकीकर: ट्रॅक्टरच्या दोन्ही ब्रेकच्या पायट्या पट्टीनं जोडल्या का? वावरात वळाले सुट्या ठेवतो, तशाच रोडवर गेला तं एकच चाक थांबते न गाडी आडवी! उतारावर न्यूट्रल करू नको.

विचारणारा: जोडल्या नव्हत्या राजेहो. बेरिंगही खटखट करते. उद्या मिस्त्रीकडं नेतो.

वणीवाला: हूकच्या पिनले खालून लॉक टाक, वायर नोको गुंडाळू. मागं रिफ्लेक्टर लाव, कापसाखाली झाकू नको.