उत्तर: उत्तर: ओआरएसचं पाकीट ग्लासात की लिटरमध्ये? (ओवी, अर्जंट)

ओवीची आई (सध्या सोलापुरात):
घाईत लिहितेय. गड्ड्याच्या जत्रेवरून आल्यापासून ओवीला जुलाब, रात्रीपासून सात-आठ वेळा, दोन उलट्या. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिलंय, रक्त नाही म्हणून अँटिबायोटिक नको म्हणाले. मेडिकलमधून एक मोठं पाकीट आणलं, सासूबाई म्हणतात लिटरभर कोण पिणार, अर्धं टाक ग्लासात. सकाळी तसंच पाजलं. इथे पाणी चार-चार दिवसांनी येतं, पिंपातलं उकळून घेतलंय. डॉक्टरताई, जाग्या आहात का?

डॉक्टरताई:
तो ग्लास आधी ओतून दे. मोठं पाकीट १ लिटरचंच असतं, २०० मिलीचं छोटं वेगळं मिळतं, पाठीमागे छापलेलं वाच. अर्धं पाकीट ग्लासात म्हणजे अडीचपट घट्ट, त्याने आतड्यात उलट पाणी ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तात सोडियम चढतं. सकाळी किती प्यायली ते तिथल्या डॉक्टरांना आत्ता फोन करून सांग. आता अख्खं पाकीट मोजून लिटरभर पाण्यात, २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. दोन वर्षांच्या आतलं मूल, प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली. उलटी झाली तर १० मिनिटं थांब, मग चमच्या-चमच्याने. झिंक रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस पुरे कर. डोळे खोल गेले, सहा तास शू नाही, मलूल पडली, शी मध्ये रक्त दिसलं तर मेल लिहीत बसू नकोस, दवाखान्यात ने.

विजापूर रोडवाले काका:
सूनबाई, घाबरू नको. आमच्या थोरल्याला आईने नुसत्या तांदळाच्या पेजेवर तारलं, चिमूटभर मीठ घालून. आणि पाणी चार दिवसांनी येतं यात नवीन काय, उजनी धरण भरलं तरी आमच्या गल्लीत तेच.

डॉक्टरताई:
काका, पेज द्याच, अंगावरचं दूधही चालू ठेवा, पोराला उपाशी ठेवू नका. पण पेज ओआरएसच्या जागी नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिसांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून पाजलं आणि माणसं वाचली. प्रमाण बरोबर होतं म्हणून वाचली.

पुण्याची मावशी:
पाकीट कशाला, तयार डबा मिळतो ना, ऑरेंज फ्लेवर? आमच्याकडे मुलं आवडीने पितात.

नितूची आई:
मावशी, त्यात साखर फार. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस लिहायला बंदी घातलीय. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी कित्येक वर्षं झगडल्या. आवडीने पितात म्हणूनच भीती वाटते मला.

कार्यकारिणी:
तब्येतीचे प्रश्न आरोग्य समितीच्या यादीवर पाठवावेत असं सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये ठरलेलं आहे. मंडळाच्या या मेल-यादीवर फक्त संक्रांतीच्या हॉलचं चालू द्या.

विजापूर रोडवाले काका:
सेक्रेटरीसाहेब, त्या यादीवर चौघं जण आहेत, त्यातल्या दोघांचे मेल बाउन्स होतात. लेकराचं होऊ द्या आधी.

ओवीची आई:
डॉक्टरांना फोन झाला, त्यांनी बोलावून घेऊन तपासली, म्हणाले लिटरमध्ये करून चालू ठेवा. दुपारपासून वाटी-चमचा घेऊन बसलेय, दर दोन मिनिटांनी एक चमचा. आत्ता साडेपाचला दुपटं ओलं केलं, पिवळसर, पण भरपूर. सासूबाईंनी मापाची बाटली घासून ओट्यावर ठेवलीय आणि लिटरच्या खुणेवर खडूने रेघ मारलीय. काका, येताना मोठी दहा पाकिटं आणाल?